वेस्ताचं राहिलेलं नाव

आमच्या सोंगाड्या पार्टीत मी रंग लावायचो. नाचायला पाय जड आणि गायला गळा नाही, म्हणून आमच्या म्होरक्याने, नाईकाने, माझ्या हातात थाळी दिली. तांदळाचं पीठ, गेरू आणि तव्याची काजळी, एवढंच सामान. सातपुड्याच्या आमच्या बाजूला नाटकाला सोंग म्हणतात आणि ते करत फिरणाऱ्या टोळीला पार्टी. पार्टीत बायका नसायच्या, पुरुषच लुगडी नेसायचे. कागद नसायचा. नाईक दुपारी गोष्ट सांगायचा आणि ज्याने त्याने आपलं बोलणं आपल्या डोक्यातून काढायचं.

आमच्या पार्टीचा एक नियम होता. दुसऱ्या पार्ट्यांत होता की नाही, मला माहीत नाही. रंग लावण्याआधी मी समोरच्याला विचारायचो, "नाव?" तो आपलं नाव सांगायचा आणि मग मी पिठाचं बोट त्याच्या कपाळाला टेकवायचो. तिथून पुढे तो जे बोलेल ते सोंगाचं बोलणं. शिवी दिली तरी सोंगाची, वचन दिलं तरी सोंगाचं. खेळ संपला की सगळे नाल्यावर तोंड धुवायचे. मी एकेकाला नावाने हाक मारायचो, तो "ओ" म्हणायचा आणि त्याचं नाव त्याला परत मिळायचं. हाक मारेपर्यंत सोंग उतरलं असं आम्ही धरत नव्हतो. एकदा एकाला हाक मारायची राहून गेली, तर दुसऱ्या सकाळी त्याची बायको माझ्या दारात. म्हणाली, "घरात येऊन झोपलाय तो कोण आहे, तेवढं सांग. मग भाकरी टाकते."

हे आधी सांगतो, कारण वेस्ताने गावात पिक्चर आणला तेव्हा अडलं ते इथेच.

वेस्ता आमच्याच पाड्याचा. आज त्याचे केस कापसासारखे आहेत. त्याची नाटकं पुण्यात, मुंबईत आणि कुठे कुठे झाली. वनजमिनीच्या दाव्यांवर त्याने नाटक लिहिलं, दारूवर लिहिलं, ऊस तोडायला गुजरातेत जाणाऱ्यांवर लिहिलं. पुढे तो पिक्चर लिहायला लागला. एका मालकाने, म्हणजे पिक्चरला पैसे घालणाऱ्याने, त्याला सांगितलं की डोंगरातल्या गावाला वाचवायला शहरातून एक तरुण येतो, असं लिही. वेस्ता म्हणाला, "तो येईपर्यंत गाव काय करत होतं?" आणि तो ते काम सोडून उठला. ही गोष्ट त्याने सांगितलेली नाही, त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितली. तो स्वतःचं फारसं सांगत नाही.

मी पन्नाशी ओलांडल्यावर अक्षरं शिकलो, तीही त्याच्यामुळे. नंदुरबारला त्याचा पहिला पिक्चर लागला तेव्हा आम्ही जीपने गेलो. पडद्यावर सुरुवातीला नावं पळत होती. शेजारचा म्हणाला, "आलं, आलं, वेस्ताचं नाव आलं." मी म्हटलं, "कुठे?" तर ते गेलं होतं. फार वाईट वाटलं. परत आल्यावर मी अंगणवाडीच्या तुळशीबाईंकडे गेलो. दुपारी पोरं घरी गेली की त्या ओट्यावर मला पाटी द्यायच्या. दुसऱ्या पिक्चरच्या वेळी मला नुसता 'वे' सापडला. तिसऱ्याच्या वेळी पूर्ण नाव सापडलं आणि मी ते इतक्या मोठ्याने वाचलं की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. आमच्या नाल्यावर तोंड धुणारा मुलगा, आणि त्याचं नाव भिंतीएवढं. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो.

गेल्या फाल्गुनात तो गावात आला तो त्याच्या मनातला पिक्चर घेऊन. बारा वर्षं त्याने ही गोष्ट सांभाळली होती. एक डोंगरातलं गाव असतं. दगडखाणीसाठी त्या गावाचा डोंगर मागायला साहेब येतो. धाकाने, लालचीने, एकमेकांकडे बघून अख्खं गाव हात वर करून डोंगर देऊन टाकतं. पिक्चरचा शेवट तोच. वेस्ताचं म्हणणं होतं की हे हात आमच्याच गावच्या माणसांचे पाहिजेत. या पिक्चरच्या मालकाचं म्हणणं होतं, मुंबईजवळ सेट लावू, भाड्याची माणसं बसवू, आदिवासी कपडे मिळतात. भांडून भांडून वेस्ताने एक दिवस मिळवला. त्या दिवसाचा सूर्य मावळेपर्यंत ग्रामसभेचा प्रसंग झाला तर झाला, नाहीतर तो सेटवर, भाड्याच्या माणसांसह. हे त्याने आदल्या संध्याकाळी मला सांगितलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण हातातली काडी तो मोडत होता.

सकाळी धडगावहून जीपा आल्या. कॅमेरा आला, छत्र्या आल्या. दिग्दर्शक होता ललित म्हणून एक तरुण, मुंबईचा. वेस्ताला 'सर' म्हणायचा आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बसायचा नाही. माणसं, जेवण आणि जीपा यांची व्यवस्था हिलालकडे होती. हिलाल धानोऱ्याचा, पलीकडे सपाटीवरच्या बागायतदार घरातला, तोंडाने अहिराणी आणि कानाला कायम फोन. फोनला आमच्याकडे रेंज नाही, तरी तो लावलेलाच.

महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली गाव बसलं. आमच्या गावची ग्रामसभा खरोखर तिथेच बसते, म्हणून वेस्ताने जागा तीच धरली होती. साहेबाचं काम करणारा नट इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे उभा राहिला. ललितने समजावलं, "साहेब विचारतील, डोंगर द्यायला कोणाची हरकत आहे का? मग म्हणतील, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. तेव्हा सगळ्यांनी हात वर करायचे. हळूहळू. आधी एक, मग दोन, मग सगळे."

कॅमेरा चालू झाला. साहेबाने विचारलं. झाडावरून एक पान पडलं. हात एकही वर गेला नाही.

ललितला वाटलं, ऐकू आलं नसेल. त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी साहेब झालेला नट गावाकडे असा बघायला लागला, की आपलंच काही चुकलं का.

हिलाल पुढे आला. "माय, फक्त हात वर करानं शे," तो पहिल्या रांगेतल्या नानीबाईंना म्हणाला. "डोंगर नही उचलानं."

नानीबाई वेस्ताची फुई, म्हणजे त्याच्या बापाची बहीण. गावात त्यांच्याइतकं जुनं माणूस नाही. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तोंडाला रंग नाही."

"काय?"

"तोंडाला रंग नाही आमच्या. उघड्या तोंडाने डोंगर द्यायचा?"

आम्ही आपसात आमच्या बोलीत बोललो. मी ते शाळेच्या मराठीत लिहितोय, कारण मला तेवढंच लिहिता येतं. नानीबाईंनी सांगितलेलं ललितला मीच समजावलं: रंग लावून केलेलं ते सोंग. उघड्या तोंडाने महूखाली हात वर केला, की तो खरा हात.

"पण बाबा, कॅमेरा आहे समोर," ललित म्हणाला. "हा पिक्चर आहे."

"कॅमेरा आहे म्हणून तर," नानीबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी दोन माणसं डोंगर मोजून गेली. कोण होती, आजवर कळलं नाही. उद्या कोणी ही चित्रं दाखवली, की बघा, अख्ख्या गावाने हात वर केलेत, महूचं झाड पण तेच आहे, तर? मी काय सांगू? पिक्चर होता? साहेबाच्या तोंडाला तरी कुठे रंग आहे? आम्हाला काय माहीत तो खोटा साहेब आहे."

नट म्हणाला, "आजी, मी खोटाच आहे."

"सगळेच म्हणतात," नानीबाई म्हणाल्या, आणि लोक हसले. पण हात मांडीवरच राहिले.

"मन्हा गावना लोके लई येसू," हिलाल म्हणाला. "त्या दोन्ही हात वर करतीन."

"करतील की. तुमचा कुठे डोंगर जातोय?"

"आमना गावले डोंगरच नही शे, माय."

"म्हणून तर हात हलके आहेत."

हिलालही हसला. मग त्याने उन्हाकडे पाहून हिशोब केला. धानोऱ्याहून माणसं निघून घाट चढेपर्यंत दिवस संपला असता.

ललित वेस्ताकडे गेला. वेस्ता सगळ्यांच्या मागे, दगडावर बसून ऐकत होता. "सर, तुमचं गाव आहे. तुम्ही एकदाच सांगा, हे खोटं आहे, याने काही होत नाही. तुमचं ऐकतील."

"ऐकतील," वेस्ता म्हणाला. "पण मला ते सांगता येत नाही."

"का?"

वेस्ताने माझ्याकडे पाहिलं. तो सांगणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून ललितला बाजूला नेऊन मीच सांगितलं.

वेस्ता विशीचा होता तेव्हाची गोष्ट. आम्ही खांडबाऱ्याच्या बाजारात सोंग करायला गेलो होतो. तिथे एक ठेकेदार महू आणि चारोळी घ्यायचा. त्याचं माप खोटं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्यानेच आम्हाला आपल्या ओट्यासमोर खेळ करायला लावला आणि खुर्ची टाकून बसला. वेस्ताने महू विकायला आलेल्या बाईचं सोंग घेतलं होतं. मीच त्याला रंग लावला होता, नाव विचारून. तो टोपली घेऊन ठेकेदारासमोर नाचत गेला आणि म्हणाला, "शेठ, तुझं माप माझ्या टोपलीपेक्षा मोठं, आणि तुझं पोट तुझ्या मापापेक्षा मोठं." बाजार हसला. ठेकेदार तर पोट धरून हसला. म्हणाला, "वा, वा. सोंगच आहे ना. जिलबी आणा रे यांना."

वेस्ता नाचायचा थांबला. त्याने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. आधी कपाळ, मग गाल, मग ओठ, सावकाश, घाई नाही. पीठ उतरलं आणि आतून एक विशीतला मुलगा दिसला. त्याच आवाजात, पण चाल सोडून, तो म्हणाला, "शेठ, तुमचं माप खोटं आहे." बास. तेवढंच.

अख्खा बाजार गप्प झाला. तसं गप्प होणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बकऱ्यासुद्धा ओरडत नव्हत्या असं मला आठवतं, पण ते खरं नसेल. मग ठेकेदाराच्या माणसांनी त्याला ओढलं. पुढे मारहाण, कोठडी, केस. सुटल्यावर तो गावी न येता परस्पर वनजमिनीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लोकांबरोबर गेला. पण त्या दिवसापासून आमच्या डोंगरात बोलण्याला वजन आलं. पंचांसमोर कोणी गोल गोल बोलला तर म्हणतात, "तोंड पुसून बोल." वेस्ताने पुढे जेवढी नाटकं बसवली, त्यातल्या एकाही नटाच्या तोंडाला रंग नव्हता. स्वतः तर त्याने परत कधी लावलाच नाही.

ललित ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे हे त्यांना सरांनीच शिकवलं."

"हो."

"आणि आज तेच सांगतील की उघड्या तोंडाने केलेलं खोटं असतं..."

"म्हणून सांगता येत नाही," मी म्हटलं.

ललित दोन्हीकडून अडकला होता. वेस्ताचा पिक्चर वाचवायचा तर वेस्ताचा शब्द मोडायचा.

मेकअप करणाऱ्या मुलीने एक उपाय काढला. तिच्याकडे अंगाच्याच रंगाची पावडर होती. लोकांना ती रंग म्हणून लावायची, कॅमेऱ्यात दिसणार नाही. तिने नानीबाईंच्या गालाला ती लावली आणि आरसा दिला. नानीबाईंनी आरसा जवळ घेतला, लांब धरला, उन्हात धरला.

"कुठे आहे?"

"लावलाय, आजी. दिसत नाही असा आहे."

"दिसत नाही तो रंग कोणासाठी?" त्यांनी आरसा परत दिला. "हे तर साहेब लोकांचं काम झालं."

जेवणं झाली. खिचडी खाताना हिलाल मला हळूच म्हणाला, "दादा, वेस्ताभाऊना चेहरा पाही ऱ्हायनात ना तुम्ही?" मी पाहत होतो. वेस्ताने पत्रावळीला हात लावला नव्हता. तो एकेका माणसापाशी जाऊन बसत होता. याच्याशी दोन शब्द, त्याच्याशी दोन शब्द. कोणाला पटवत नव्हता. "तू वर केला नाहीस, तेव्हा तुझा हात काय करत होता?" असं विचारत होता. एकाने सांगितलं, गवत उपटत होता. एक बाई म्हणाली, पदर धरून होता. वेस्ता मान हलवायचा आणि पुढे जायचा. आमच्या नाईकाची रीत त्याने सोडलेली नव्हती. नाईक गोष्ट सांगायचा आणि बोलणं आमच्याकडून काढायचा. मुंबईतल्या मोठ्या नटांसमोरही वेस्ता असाच बसतो म्हणतात.

मग तो माझ्यापाशी आला. "दादा, गावात पीठ आहे?"

"कशाला?"

"आहे का?"

"तांदळाचं आहे. गेरू पण आहे."

तो जीपकडे गेला, बॉनेटवर कागद ठेवला आणि उभ्यानेच लिहायला लागला. ऊन बॉनेटवरून त्याच्या तोंडावर मारत होतं. मी लांब उभा राहून त्याचा हात बघत होतो. मला एक ओळ लिहायला अजून अर्धा दिवस जातो. त्याचा हात पाण्यासारखा जात होता, मधेच थांबायचा, जसं पाणी दगडापाशी थांबतं, आणि वाट सापडली की पुन्हा निघायचा. बारा वर्षांचा शेवट तो बदलत होता आणि त्याच्या कपाळावर आठी नव्हती. माणूस असं कसं करू शकतो, मला खरंच कळत नाही.

लिहिलेलं त्याने आधी ललितला दाखवलं नाही. गावासमोर उभं राहून वाचलं. साहेब विचारतो. कोणी हात वर करत नाही. साहेब पुन्हा विचारतो, आता जरा दरडावून. मग गावातला एक म्हातारा पिठाची थाळी घेऊन उठतो. एकेकापाशी जातो, नाव विचारतो आणि कपाळाला बोट लावतो. सगळं गाव रंगतं. मग सगळे हात वर करतात. साहेबाला त्यातलं काहीच कळत नाही.

वाचून झाल्यावर वेस्ताने विचारलं, "फुई, हा हात कोणाचा?"

नानीबाईंनी डोळे बारीक केले. "सोंगाचा," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. त्या तोंडावर पदर धरून हसत राहिल्या आणि शेजारणीला कोपर मारत राहिल्या. "डोंगर सोंगाने दिला ग. आता घे म्हणावं."

ललितने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. त्याने मालकाला विचारायला फोन काढला. रेंज नव्हती. फोन खिशात ठेवताना तो म्हणाला, "बरं झालं."

हात वर गेल्यावर काय करायचं, ते साहेबाच्या नटाला वेस्ताने सांगितलं नाही. "तुम्ही साहेब आहात," एवढंच म्हणाला. "साहेब करेल ते करा."

म्हातारा कोण, हे विचारावं लागलं नाही. थाळी माझ्याकडे होती.

ऊन पिवळं झालं होतं तेव्हा कॅमेरा सुरू झाला. साहेबाने विचारलं. कोणी हललं नाही. एकाने गवत उपटलं, एका बाईने पदर धरला, जसं दुपारी वेस्ताला सांगितलं होतं तसंच. साहेबाने दरडावून विचारलं. मी उठलो. थाळी हातात आली की हाताला काम आठवतं. मी नानीबाईंसमोर वाकलो.

"नाव?"

"नानीबाई."

कपाळाला बोट टेकवलं. पुढे सरकलो. "नाव?" "रूपलीबाई." "नाव?" "पवन." एकेक नाव त्या झाडाखाली पडत गेलं, हळू, जसं महूचं फूल पडतं. साहेबाने इतक्या वेळात कोणाचं नाव विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. वेस्ताच्या ते दुपारी बॉनेटपाशीच लक्षात आलं असणार.

शेवटच्या रांगेच्या टोकाला एक माणूस बसला होता. टॉवेल खांद्यावर, पाय आखडून, आमच्यातलाच एक. जवळ गेल्यावर दिसलं, तो वेस्ता होता. तो तिथे येऊन बसणार हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "नाव?"

त्याने नुसता थाळीवर आपला पंजा ठेवला, पीठ झाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी समजलो. त्याला सोडून मागे झालो.

मग हात वर गेले. आधी नानीबाईंचा, मग सगळ्यांचे. पांढरी, लाल कपाळं आणि त्यांच्यावर हातांचं रान. त्या सगळ्यात टोकाला एक उघडं तोंड आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. खांडबाऱ्याला पीठ पुसल्यावर जे तोंड दिसलं होतं, तेच. म्हातारं झालं होतं, पण तेच.

साहेब एकदम खूश झाला. त्याला वाटलं, होकाराची इथली ही काहीतरी रीत आहे. त्याने खिशातून फोन काढला, टेबलाला पाठ केली, रंगलेलं गाव आपल्या मागे घेतलं आणि हसत फोटो काढला.

ललितने बराच वेळ 'कट' म्हटलं नाही. मेकअपवाली मुलगी रडत होती. हिलाल उभा होता तिथेच बसला आणि म्हणाला, "भो, आमना लोकेस्ले हाई जमतंच नही."

सूर्य अजून डोंगरावर दोन हात होता. प्रसंग झाला होता, आमच्या गावात, आमच्या माणसांनी. मालकाने पुढे काय ठेवलं आणि काय कापलं, ते पिक्चर लागेल तेव्हा बघू. पण त्या फोटोत काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

आम्ही सगळे नाल्यावर गेलो. लोकांनी तोंडं धुतली, पाणी थोडा वेळ दुधासारखं झालं आणि परत निवळलं. मी काठावर उभा राहून हाका मारल्या. नानीबाई. ओ. रूपलीबाई. ओ. पवन. ओ. पोरंटोरं हसत होती, म्हातारे गंभीर होते. इतकी नावं मी एका दिवसात कधी परत दिली नव्हती.

सगळे निघून गेल्यावर वेस्ता पाण्यात पाय सोडून बसला. त्याच्या तोंडाला काही नव्हतं, तरी त्याने ओंजळभर पाणी घेऊन तोंड धुतलं.

मी त्याच्या शेजारी बसलो. "तुझं राहिलंय," मी म्हटलं.

"काय?"

"खांडबाऱ्याचं. तू आपणच तोंड पुसलंस आणि ते तुला घेऊन गेले. मी नाव विचारून घेतलं होतं, हाक मारायची राहिली."

तो हसला. "म्हणजे नियमाप्रमाणे मी अजून ती महू विकणारी बाईच आहे."

"नियमाप्रमाणे."

तो पाण्यात पाय हलवत राहिला. मला वाटलं, थट्टेत घेतलं. मग तो म्हणाला, "दादा, मी इतकी वर्षं जे लिहिलं ना, ते सगळं तीच बोलते. मी नुसता ऐकतो."

मी हाक मारायला तोंड उघडलं. त्याने ओला हात वर केला. त्या दिवशी त्याचा हात वर गेलेला तेवढाच.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून एक लिहायचंय."

अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता, म्हणून हिलालने वरून जीपचा हॉर्न वाजवला. वेस्ता उठला, माझ्या पायांना हात लावला आणि गेला.

त्याचं नाव मी इथे लिहिलंय, वाचलंही कितीदा. हाक मात्र अजून मारलेली नाही.